बटण बंद होतं

हरिबा बनसोड्याच्या धाकट्या लेकीचा, दीपमालाचा साखरपुडा झाला ते साल सत्त्याण्णव. शिमगा नुकताच होऊन गेला होता आणि लग्न दिवाळीनंतर धरलं होतं. मधल्या दिवसांत पोरीच्या डोक्यात एकच गोष्ट होती. तिला उंब्रजमध्ये कॉम्प्युटरचा क्लास काढायचा होता.

साखरपुड्याच्या पंगती उठल्यावर ही गोष्ट होणाऱ्या सासूच्या कानावर गेली. सासू कवठे महांकाळची, सुलाबाई. बोलायला फटकळ, पण पोटात काही ठेवायची नाही. सुपारी कातरत ती सगळ्यांदेखत म्हणाली, "माजा ल्योक साताऱ्यात नोकरीला हाय. सून तितनं रोज यस्टीनं उंब्रजला येऊन क्लास घील, तर माजी काय ना न्हाई. पन आदी क्लास चालू झाल्याला मला दिसू द्या. तोंडानं कुनीबी क्लास काढतंय. लगनाआदी चालू न्हाई झाला, तर मागनं त्येचं नाव घ्यायचं न्हाई. तवा मला कुनी कजाग म्हनू नगा."

"न्हाई म्हणणार," दीपमाला म्हणाली. "बुद्धपौर्णिमेला या तुमी. चालू झालेलाच दाखवते."

आक्काताईनं, तिच्या आईनं, पदराआडून तिला चिमटा काढला. पण शब्द गेला तो गेला.

हरिबा पंगतीच्या पत्रावळी गोळा करू लागला. तो कोयनानगरच्या कॉलनीत लाइनमन होता. उभा जन्म खांबावर काढून रिटायर झाला आणि गावी येऊन राहिला. थोरला मुलगा पुण्यात दुकानात लागला होता, त्याला विजेचं भय. दीपमाला मात्र लहानपणापासून बापाच्या पिशवीतली पक्कड काढून बसायची. सांगलीला मावशीकडं राहून तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला, तिथंच वर्षभर शिकवलंही. हरिबाला वाटायचं, आपण तारांना लोंबकळून दिवस काढले, पोरीनं खुर्चीत बसून विजेचं काम करावं. एवढं एक डोळ्यांनी बघायचं राहिलं होतं.

जागा मिळाली ती लालासाहेबाची. लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन आलेला, उसाचा बागायतदार. हमरस्त्याच्या कडेला त्याची दोन खोल्यांची बैठी इमारत होती. एकीत खताची पोती असायची, दुसरी त्यानं दीपमालाला दिली. हरिबानं त्या खोलीची वायरिंग स्वतः केली. पट्ट्या ओळंब्यात मारल्या, मेन स्विच बाहेर पडवीत बसवला, मागच्या अंगाला खड्डा घेऊन मीठ आणि कोळसा घालून अर्थिंग केलं. वैशाखाचं ऊन होतं. खड्डा सुकू नये म्हणून तो रोज त्यात घागरभर पाणी ओतायचा. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "हरिबा, तितं काय लावलंय रं?" तो म्हणायचा, "माझ्या पोरीचं झाड."

मशिन आलं ते पौर्णिमेच्या दोन दिवस आधी, लालासाहेबाच्या जीपमधून. सांगलीच्या एका क्लासनं नवी मशिनं घेतली होती आणि जुनं एक दीपमालाला दिलं होतं. पडद्याची पेटी तिनं मांडीवर धरून आणली. खालचा डबा, ज्यात सगळी करामत असते, तो मागं पोत्यावर ठेवला होता. रस्त्याचं काम चाललेलं. पेठ नाक्यापासून पुढं जीप अशी काही उधळली, की तो डबा पोत्यावरून खाली येऊन आडवा झाला.

खोलीच्या दारात दीपमालानं सगळ्यांना अडवलं. "चपला बाहेर."

लालासाहेब आपल्या बुटांकडं बघत म्हणाला, "आयला, बर्फात बूट काडले न्हाईत मी. हितं काडू?"

"धूळ जाते, आण्णा. सांगलीला तर दारात फडकंच असायचं पाय पुसायला."

"देवळात बी येवडं सोवळं नसतंय गं."

"मग देवळात जावा की," आक्काताई आतून म्हणाली. "तितं कॉम्प्युटर न्हाई."

लालासाहेब हसत हसत खाली बसला आणि बुटाचे बंद सोडू लागला. हरिबानंही चपला काढल्या. उघड्या पायानं विजेच्या कामाला जायचं नाही, हा त्याचा सगळ्या नोकरीचा नियम. चपला काढताना पाय क्षणभर अडला. पण खोली पोरीची होती आणि नियमही पोरीचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. उद्या पाहुणे येणार, म्हणून आक्काताई बादली आणि फडकं घेऊन आलेली. दीपमालानं डबा टेबलावर घेतला, जरासा कलता केला. आत काहीतरी खुळखुळलं.

तिचा चेहरा उतरला. "स्क्रू सुटलाय."

"मग काय झालं? बसवू दुसरा," हरिबा म्हणाला.

"बसवायचं न्हाई ओ, आबा. सापडायला पाहिजे." तिनं डब्याचं झाकण काढलं. आत हिरवी फळी दिसत होती, तिच्यावर काळे किडे बसावेत तसे चौकोनी तुकडे. "हा बोर्ड. ह्याच्या खालच्या अंगाला सगळे डाग दिलेल्या तारांचे काटे आहेत. बोर्ड पत्र्यापासून थोडा वर उचललेला असतो. मधल्या फटीत स्क्रू गेला, तर दोन काटे एकमेकांना जोडतो. नाहीतर काटा आणि पत्रा. झालं, शॉर्ट."

हरिबाला ते लगेच उमगलं. कोयनेला असंच एक वटवाघूळ दोन तारांच्या मधे आलं होतं आणि अख्खी कॉलनी अंधारात गेली होती. इथं वटवाघळाच्या जागी हरभऱ्याएवढा स्क्रू.

दोघांनी डबा उचलून उलटा केला. हलवला. खुळखुळ झाली, बाहेर काही पडलं नाही. या कुशीवर केला, त्या कुशीवर केला. हरिबानं आपला चुंबक लावलेला स्क्रू-ड्रायव्हर काढला तशी ती ओरडली, "चुंबक नको! डिस्क पुसून जाईल." त्यानं तो घाईनं खिशात परत घातला, मग खिशातही मशिनजवळ नको म्हणून तो बाहेर पडवीत ठेवून आला. आक्काताई हसली. "आता पोरीच्या म्होरं अवजारं बी लपवाया लागली."

पुन्हा हलवलं, तर खुळखुळ थांबलेली.

स्क्रू बाहेर आला नव्हता आणि आवाजही येत नव्हता. म्हणजे तो कुठंतरी अडकून बसला होता. कुठं, ते दिसत नव्हतं. दीपमालानं टॉर्च घेऊन सगळ्या सांदी बघितल्या. घाम तिच्या हनुवटीवर येऊन थांबला होता. तो आत पडेल म्हणून तिनं पदरच तोंडाला बांधला.

"चालू करून बघू," ती शेवटी म्हणाली.

"आन् जळलं म्हंजी?"

"शॉर्ट असला तर ह्याचा पॉवरचा डबा आपोआप बंद होतो, आबा. बऱ्याचदा होतो."

"बऱ्याचदा," हरिबा म्हणाला.

आता वीज द्यायची, तर मशिनच्या वायरीचा प्लग मोठा निघाला. हरिबानं बसवलेल्या सॉकेटच्या भोकात तो जाईना. नवीन प्लग आणायला बाजारपेठेत जावं लागणार. हरिबानं पक्कड घेतली, प्लग तोडला, वायरीची तोंडं सोलली. तपकिरी आणि निळी वायर सॉकेटच्या दोन भोकांत खोचली आणि घट्ट बसाव्यात म्हणून प्रत्येकीशेजारी आगपेटीची काडी ठोकली. खांबावरचा मोठा वायरमन असो की गल्लीतला रेडिओवाला, तपासणीपुरतं सगळे असंच करतात. तिसरी वायर अर्थिंगची, हिरवी. ती त्यानं मागं दुमडून ठेवली. तपासणीला तिचं काय काम? एकदा मशिन चालतंय म्हटल्यावर नीट प्लग आणून तिन्ही बसवायच्याच होत्या.

टेस्टर मात्र त्यानं डब्याच्या पत्र्याला लावून बघितला. आतला दिवा अगदी मंद लागला, राखेतल्या इंगळासारखा.

"ह्यात येतंय की गं थोडं."

"तेवढं येतंच, आबा. अर्थिंग नसलं की झिणझिण्या येतात. सांगलीला पण यायच्या." ती हसली. "आणि आत काय भ्यायचं नाही. सर सांगायचे, बोर्डावर पाच व्होल्ट आणि बारा व्होल्ट. मोटरसायकलच्या बॅटरीएवढं. बोट लावलं तरी कळत नाही."

बारा व्होल्टाला हरिबा काय भिणार? त्याच्या हाताखालून अकरा हजार गेले होते.

तिनं भिंतीवरचं बटण दाबलं, मग मशिनच्या तोंडावरचं. आतला पंखा एक गिरकी घेऊन थांबला. कसलाही आवाज नाही. तिनं झटकन भिंतीवरचं बटण बंद केलं. वास घेतला. तिघांनीही घेतला. आक्काताई म्हणाली, "जळकं न्हाई काय. तुज्या आबाच्या विडीचाच हाय."

"खाली आहे तो," दीपमाला म्हणाली. "बोर्डाखालीच आहे."

मग तिनं सगळं काढलं. एकेक पट्टी, एकेक वायर. काढलेला प्रत्येक स्क्रू आईजवळच्या वाटीत ठेवायची आणि आई ती वाटी मांडीत घट्ट धरून बसायची, जणू तान्हं मूल. हरिबा दारात उकिडवा बसून बघत होता. बोर्ड दोन्ही तळहातांवर अलगद उचलून तिनं वर्तमानपत्रावर पालथा घातला. पत्र्याच्या आणि बोर्डाच्या मधल्या खोबणीत, एका कोपऱ्याला, तो स्क्रू तिरका बसला होता. बोर्डावर त्या जागी तिळाएवढा काळा डाग.

"मेला का गं?" आक्काताईनं विचारलं.

"कळंल आता."

परत जोडायला त्याहून जास्त वेळ लागला. मधे लालासाहेब येऊन दारात बूट सोडू लागला आणि तिघांची तोंडं बघून, "मी चा घिऊन येतो," म्हणून तसाच मागं फिरला. सुलाबाईचा शब्द कुणी काढला नाही. पण प्रत्येक स्क्रू पिळताना तो खोलीत होताच. हा बोर्ड गेला असेल, तर दुसरा उद्यापर्यंत मिळणार नव्हता. उद्या पाहुणे येऊन मेलेला डबा बघून जातील, आणि पोरगी दिलेला शब्द पाळणारी. ती पुन्हा नाव काढणार नाही, हे हरिबाला ठाऊक होतं. तिचा हट्ट त्याच्यासारखा. मोडला तर मुळातून मोडायचा.

तिनं बटण दाबलं.

पंखा फिरला आणि फिरतच राहिला. आतून एक टिटवीसारखी बारीक शिट्टी झाली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली, एका ओळीखाली दुसरी, भराभर.

आक्काताईला अक्षरओळख प्रौढ साक्षरतेच्या वर्गात झाली होती, तीही मराठीची. ही इंग्रजी अक्षरं तिला कुठली वाचता यायला? तरी ती पडद्याजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "लय शानं हाय की गं. पडलं, झडलं, तरी पाठ इसरलं न्हाई."

दीपमाला खुर्चीत मागं रेलून नुसती हसत होती. डोळे पुसताना तिच्या गालाला काळं लागलं. हरिबाला तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. त्याऐवजी तो म्हणाला, "क्लासचा बोर्ड लावून घितो बाहीर. ऊन चडल्यावर शिडी तापती."

"आणि प्लग, आबा?"

"आनतो की. आदी बोर्ड. दोन खिळ्याचं काम."

तो बाहेर आला, चपला घातल्या, शिडी लावली. बोर्ड त्यानंच रंगवून घेतला होता. निळ्या रंगावर पांढरं अक्षर. आत दीपमालानं तोंडावरचं बटण दाबून मशिन बंद केलं आणि तोंडाकडची पट्टी बसवायला घेतली. सकाळी ती पट्टी ओढून काढावी लागली होती, कारण जीपमध्ये आपटून तिचं एक टोक मुडपलं होतं. चालू-बंदचं बटण त्याच पट्टीच्या मागं होतं आणि आता ते नीट भोकात बसत नव्हतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळच्या मशिनांत वीज आधी मागच्या पॉवरच्या डब्यात यायची आणि तिथून एका जाड वायरीनं पुढं, तोंडावरच्या बटणापर्यंत जायची. पाच व्होल्ट नव्हे, बारा नव्हे, घरातली सगळी. बटण बंद केलं तरी ती बटणाच्या दारात येऊन उभीच असायची. त्या वायरींच्या टोकांना प्लास्टिकच्या टोप्या असत. पट्टी ओढताना एक टोपी सरकली होती आणि उघडं टोक डब्याच्या पत्र्याला टेकायच्या बेतात होतं. दीपमालाला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि हरिबानं मशिनचं पोट आजच पाहिलं होतं. भिंतीवरचं बटण चालूच राहिलं होतं.

आक्काताईनं तोवर फरशी पुसायला घेतली होती. तिचं पुसणं म्हणजे आधी पाणी ओतायचं आणि मग निपटायचं.

"आई, पाय तरी सुके राहू दे," दीपमाला म्हणाली.

"उद्या सुलाबाई फरशीवरनं बोट फिरवून बगंल, तवा कळंल तुला," आक्काताई म्हणाली. "कॉम्प्युटर कुनाला कळतूया? फरशी समद्यांस्नी कळती."

शिडीवर हरिबाला हे ऐकू आलं आणि तो तोंडात खिळा धरून हसला.

मग आतून एक आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. कुणीतरी दात घट्ट मिटून कण्हावं, तसा. हरिबानं तो आवाज जन्मात एकदाच ऐकला होता.

कोयनेला गुंडा म्हणून त्याचा जोडीदार होता. पावसाळ्यात खांबाच्या ताणाच्या तारेला गुंडा चिकटला, आणि त्याला ओढायला दुसरा धावला तोही चिकटला. दोघंही गेले. त्या दिवसापासून हरिबानं घरातल्या सगळ्यांना एकच गोष्ट घोकून घेतली होती. चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही. आधी मेन. मेन लांब असला तर सुकं लाकूड. हात लावायचा नाही. आक्काताईनं तर कॉलनीतल्या बायकांना चाळीच्या नळावर हे शिकवलं होतं. बायका तिला शॉकवाली म्हणायच्या. तिचं बघून पोरंबाळं तालात म्हणायची, आधी मेन, आधी मेन.

शिडीवरून त्याला खिडकीच्या गजांतून दिसलं. दीपमाला खुर्चीवरून अर्धी उठलेली, उजवा हात पट्टीच्या मागं, मान ताठ, तोंड उघडं. केसांची टोकं हलत होती, बाकी काही हलत नव्हतं. तिच्या मागं आक्काताई, ओल्या फरशीवर अनवाणी, हातात पिळलेलं फडकं.

"हात लावू नगंस!" हरिबा ओरडला. "आक्का, हात लावू नगंस! मेन काडतो!"

आक्काताईनं खिडकीकडं बघितलं. तिनं ऐकलं होतं. ती त्याच्याकडं सरळ बघत होती. हरिबा शिडीवरून खाली पडला म्हणा किंवा उतरला म्हणा, त्याचे पाय जमिनीला लागले आणि तो पडवीच्या दुसऱ्या टोकाला धावला. मेन स्विच लोखंडी, नवा कोरा, त्यानं स्वतः बसवलेला. त्याचा दांडा अजून घट्ट होता. पहिल्या हिसक्याला तो आला नाही. दुसऱ्या हिसक्याला हरिबा त्याला लोंबकळला. आत काहीतरी जड कोसळल्याचा आवाज झाला आणि त्यानंतर कुठं, तिसऱ्या हिसक्याला, दांडा खाली आला.

तो दारात आला. चपला काढायचं त्याला सुचलं नाही.

आक्काताईनं लेकीच्या कमरेला मिठी घालून सगळ्या अंगाचा भार मागं टाकला होता. दीपमालाचा हात सुटला, पण सुटताना तिच्या बोटांनी डबा ओढला. खुर्ची, आक्काताई, पोरगी, सगळं एकदम कोसळलं होतं. पोरगी एका अंगाला भिंतीपाशी जाऊन पडली होती. डबा टेबलावरून आला होता तो आक्काताईच्या छातीवर, ओल्या लुगड्यावर. वायर अजून सॉकेटातच होती.

हरिबानं डबा उचलून फेकला. मेन बंद आहे हे त्याला माहीत होतं, तरी हात आधी थबकला आणि त्या थबकण्याचं त्याला पुढं कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं. दीपमाला श्वास घेत होती. ओढून ओढून, पण घेत होती. आक्काताई घेत नव्हती.

तो गुडघ्यावर बसला. कोयनेला ऑफिसच्या भिंतीवर शॉकवरच्या उपचाराचा तक्ता होता, त्यातली चित्रं त्याला तोंडपाठ होती. मान मागं. नाक दाबायचं. तोंडानं वारं भरायचं. छातीवर दोन्ही तळवे. तो करत राहिला. करताना मोठ्यानं आकडे म्हणत राहिला, तक्त्यात लिहिलं होतं तसे. लालासाहेब चहाची किटली घेऊन दारात आला, त्यानं एकदा बघितलं आणि किटली तिथंच टाकली.

"जीप लाव, सुभेदार!" हरिबा म्हणाला. आणि पुन्हा वाकला.

कराडच्या वाटेवर जीपच्या मागच्या भागात तो तेच करत होता. दीपमाला कोपऱ्यात बसलेली, उजव्या पंज्यावर पांढरा भाजल्याचा चट्टा. ती एकच गोष्ट म्हणत होती. "बटण बंद होतं, आबा. मी बंद केलं होतं. बटण बंद होतं."

"व्हय गं," हरिबा म्हणाला. "हुतं बंद." आणि पुन्हा आक्काताईच्या तोंडात वारं भरलं.

कराडला डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळ्यांत बत्ती मारली आणि हरिबाच्या खांद्यावर हात ठेवला. हरिबा तरी थांबेना. शेवटी लालासाहेबानं त्याचे दोन्ही हात मागून धरले. "हरिबा. बास गड्या. बास."

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. कवठे महांकाळची मंडळी यायची ती आलीच, पण मयतीला. भंतेजींचं बोलून झाल्यावर लोक झाडाखाली बसले आणि जे बोलायचं असतं ते बोलू लागले. कुणी म्हणालं, मशिनच जुनं होतं. कुणी म्हणालं, खोलीत पाणी कशाला ओतायचं? मग एक पोक्त माणूस, भावकीतला यल्लाप्पा, हरिबाजवळ येऊन बसला आणि समजूत काढावी तसा म्हणाला, "बाईमानूस. घाबरली आसंल. तिला काय कळतंय विजंचं? हात लावू नये, येवडं कळालं आसतं, तर वाचली आसती बिचारी."

हरिबानं मान वर केली.

"तिला कळत हुतं," तो म्हणाला. "माज्या येवडंच कळत हुतं. मी वरडलो, ते बी तिनं ऐकलं. माज्याकडं बगितलं. मग धरलं."

यल्लाप्पानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी मेन काडला. बराबर केलं मी. शिकवल्यालं तसं केलं." हरिबाचा आवाज एकसारखा होता, कुणाची तरी हकिकत सांगावी तसा. "पर दांडा आला न्हाई लवकर. तितवर पोरगी उरली नसती, यल्लाप्पा. दवाखान्यात डॉक्टरनी बी सांगितलं. आन् हिरवी वायर मी लावली न्हाई. ती लावली आसती, तर फ्यूज उडाला आसता आन् ह्यातलं कायबी झालं नसतं. लोकांस्नी काय सांगायचं आसंल, तर आसं सांगा. तिला कळत न्हवतं म्हनू नगा."

सुलाबाई बायकांत बसली होती. तिनं हे ऐकलं. उठून ती दीपमालाजवळ गेली आणि तिचा भाजलेला हात मनगटापाशी धरून आपल्या मांडीवर घेतला. मग म्हणाली, "क्लास चालू करायचा. कवा करशील तवा कर. मी बगायला येनार न्हाई. करशील, म्हाईत हाय."

क्लास चालू झाला तो पाऊस सुरू झाल्यावर, दुसऱ्या मशिनवर. पोरं चपला घालून आत बसायची. लग्न ठरल्याप्रमाणं दिवाळीनंतर झालं. दीपमाला रोज सकाळी साताऱ्याहून यायची आणि मशिनचं पोट उघडायची वेळ आली, की आधी भिंतीतली वायर ओढून खिडकीत ठेवायची. हरिबा पडवीत बसायचा. आत कधी यायचा नाही. वीज गेली, की कुणीतरी पोरगं त्याला हाक मारायचं आणि तो मेनपाशी जाऊन दांड्याला तेल द्यायचा, गरज असो की नसो.

आक्काताई हरिबा बनसोडे, वय बावन्न, बुधवार, २१ मे १९९७ रोजी उंब्रजहून कराडला नेताना वाटेत वारल्या.